कडी कुणी लावली?

उभा ऊस पेटला की पुढचं सगळं बारामती-इंदापूरकडच्या शेतकऱ्याला पाठ असतं. तलाठ्याला फोन जातो, पोलिसांत जळिताची नोंद होते, महावितरणचा माणूस येऊन बघून जातो, आणि तारा रानावरून गेल्या असतील तर विद्युत निरीक्षकाच्या अहवालाची वाट बघणं सुरू होतं. मुरलेला शेतकरी तेवढ्यात खांबाखालची जागा कुणाला तुडवू देत नाही. तार कुठं घासली, वितळलेल्या धातूचे थेंब कुठं पडले, आग कुठल्या बांधाकडून कुठल्या बांधाकडं सरकली, याचे फोटो तो धुमसत्या पाचटातच काढून ठेवतो. कारखाना जळीत उसाला कपात लावणार हे त्याला ठाऊक असतं. भरपाई मिळालीच तर तारेच्या ठिणगीपायी मिळेल, कुणाच्या थोटकापायी मिळणार नाही, हेही ठाऊक असतं. त्यामुळे ‘आग कशानं लागली’ या एकाच प्रश्नावर त्याचं सगळं अडलेलं असतं.

कारखाना पेटून माणसं मेली की आपण हाच प्रश्न तिकडं नेतो. पत्रकार तो विचारतात, मंत्री विचारतात, गावातली माणसं पारावर त्याचाच कीस काढतात. पण उसाला पाय नसतात. ठिणगी पडली की तो जागच्या जागी जळणार, म्हणून तिथं ठिणगीचा मालक सापडला की तपास संपतो. माणसांना पाय असतात. आग लागल्यावर ती पळतात, आणि रस्ता असेल तर वाचतात. तेव्हा कारखान्याच्या आगीत प्रश्न दोन असतात. आग कशानं लागली हा एक, आणि माणसांना बाहेर का पडता आलं नाही हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी, आणि बहुतेक वेळा दोन्हींना जबाबदार असणारी माणसंही वेगळी. शंभर वर्षांतले अशा आगींचे खटले वाचत गेलं की दिसतं, आरोपी सुटले ते बहुधा पहिल्या प्रश्नाच्या आडोशानं सुटले.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घेऊ. ७ जून २०२१, सोमवार. मुळशी तालुक्यात पिरंगुटजवळच्या उरवडे गावात एसव्हीएस अ‍ॅक्वा टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी होती. पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारी क्लोरीन डायऑक्साइडची उत्पादनं तिथं बनत. दुपारी आग लागली आणि बघता बघता पॅकिंगच्या जागेत पसरली. १७ कामगार गेले. त्यातल्या १५ बाया होत्या, बहुतेक आसपासच्या गावांत राहणाऱ्या, पॅकिंगच्या कामावरच्या. मृतदेह आत अडकले होते; जेसीबी लावून भिंत फोडावी लागली. चेहरे ओळखू येण्यापलीकडं गेले होते, म्हणून ससूनमध्ये डीएनए तपासून कोण कुणाची हे ठरवावं लागलं.

त्या दिवशी अग्निशमन दलाकडून आलेली पहिली माहिती अशी होती की प्लास्टिकचं पॅकिंग चालू असताना ठिणगी उडाली आणि भोवतीच्या प्लास्टिकमुळे आग भडकली. दुसऱ्या दिवशी सगळीकडं ठिणगीची चर्चा होती. मला मात्र त्या बातम्यांत ठिणगीपेक्षा जेसीबी महत्त्वाचा वाटतो. माणसं बाहेर काढायला भिंत फोडावी लागते, याचा अर्थ काय, हा खरा तपासाचा विषय.

पालकमंत्री तेव्हा बारामतीचे अजित पवार होते. सरकारनं मृतांच्या वारसांना पाच लाख जाहीर केले, प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, आणि पौड पोलीस ठाण्यात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊन अटक झाली. या तीन गोष्टींतली पहिली सगळ्यांना कळते. दुसरी आणि तिसरी कशी चालते, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके मिळून एक महसुली उपविभाग होतो. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत काही झालं, टेक्स्टाइल पार्कात झालं, लोणी देवकरला झालं किंवा वालचंदनगरच्या बाजूला झालं, तर अशा समितीची फाईल बारामतीच्या प्रांतांच्याच टेबलावर येईल. पण प्रांत एकटे नसतात. एका आगीच्या पाच चौकशा होतात आणि प्रत्येकीचा प्रश्न निराळा असतो. पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि गुन्हा कुणाचा ते शोधतात. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक कारखाना कायद्याचं कोणतं कलम मोडलं ते बघतो. १९४८ च्या कायद्याचं कलम ८८ सांगत होतं की मृत्यू झाला असेल तर निरीक्षकानं खबर मिळाल्यापासून महिन्याच्या आत चौकशी करावी. अग्निशमन दलाला आग कुठून कुठं गेली ते हवं असतं. न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडं नमुने जातात. प्रांतांची समिती या सगळ्यांचं एकत्र करून शासनाला कळवते. शिवाय विमा कंपनीचा सर्व्हेअर असतो, तो सगळ्यांच्या आधी पोचलेला असतो असं गमतीनं म्हणतात. यातल्या कुणाच्याही कागदावर ‘दुसरा प्रश्न’ असा स्वतंत्र रकाना नसतो.

ठिणगीकडं परत येऊ, कारण तिला अगदीच टाकून चालत नाही. आपल्याकडं आग म्हटली की कारण ठरलेलं: शॉर्टसर्किट. हा शब्द ऐकला की सगळे सुटल्यासारखे होतात, कारण विजेवर खटला भरता येत नाही. पण जळत्या शेडमध्ये जी जी तार चालू असते तिचं वेष्टण वितळतं, तारा एकमेकींना भिडतात आणि तांब्याचा मणी तयार होतो. असा मणी सापडला तर एवढंच सिद्ध होतं की आग तिथं पोचली तेव्हा त्या तारेत वीज होती. तारेनं आग लावली की आगीनं तार वितळवली, हे त्या मण्यावरून सहजी सांगता येत नाही. त्यासाठी भिंतीवरच्या काजळीचा आकार, सर्वांत खोल जळालेली जागा, आणि कुठला फ्यूज आधी उडाला हे सगळं जुळवावं लागतं.

रसायनाच्या कारखान्यात आणखी एक भर पडते. क्लोरीन डायऑक्साइड तयार करणाऱ्या पावडरी आणि गोळ्या यांत सहसा सोडियम क्लोराइट असतं. ते स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या वस्तूला प्राणवायू पुरवतं. कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, कापूस यांच्या संगतीत ते आलं की साधी आग साधी राहत नाही. म्हणजे असा माल आणि पॅकिंगचं सामान एकाच छताखाली किती ठेवायचं, मध्ये भिंत हवी की नको, बायांना कुठं बसवायचं, हे निर्णय ठिणगीच्या कितीतरी महिने आधी कुणीतरी घेतलेले असतात. त्या निर्णयांवर कुणाची तरी सही असते, आणि ठिणगीवर नसते.

दुसऱ्या प्रश्नाचा पुरावा मात्र देहांपाशी आणि दारांपाशी असतो. शवविच्छेदनात श्वासनलिकेत काजळी मिळाली आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड मिळाला, तर माणूस आग लागल्यावर श्वास घेत होता हे कळतं. म्हणजे त्याच्याकडं काही मिनिटं होती. मग ती मिनिटं त्यानं कुठं घालवली? देह विखुरलेले होते की एका कोपऱ्यात, एका दाराशी, एका खिडकीखाली गोळा झाले होते? हे टिपायचं तर देह हलवण्याआधी नकाशा काढावा लागतो. आणि त्याच वेळी कुणीतरी जिवंत असेल म्हणून भिंत फोडायची घाई असते, ती असलीच पाहिजे. तपास आणि बचाव यांचं हे भांडण जगात कुठंच मिटलेलं नाही. निदान दाराची चौकट, बिजागऱ्या, कडी आणि कुलूप तरी ढिगाऱ्यातून वेगळे काढून, सील करून ठेवले तर पुढं कोर्टात उपयोगी पडतात. एका कुलपानं तर इतिहास घडवला, आणि तरी ते हरलं.

ते कुलूप न्यूयॉर्कचं. २५ मार्च १९११, शनिवार, सुट्टी व्हायची वेळ. अ‍ॅश बिल्डिंग नावाच्या दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल वेस्ट कंपनीत बायकांचे ब्लाउज शिवले जात. शिवणाऱ्या मुली बहुतेक नुकत्याच स्थलांतरित होऊन आलेल्या ज्यू आणि इटालियन. आठव्या मजल्यावर कापड कापण्याच्या टेबलाखाली चिंध्यांच्या पेटीत आग लागली, बहुधा विडीकाडीनं. आठव्यावरून दहाव्या मजल्यावर फोन गेला. तिथं कचेरी होती आणि मालक होते, ते गच्चीवरून शेजारच्या इमारतीत निसटले. नवव्या मजल्याला कुणी कळवलंच नाही. तिथं एका जिन्यात आग होती आणि दुसऱ्या जिन्याचं दार बंद होतं. बाहेरचा लोखंडी जिना वजनानं कोसळला. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. १४६ जण गेले, कितीतरी जणी खिडकीतून उड्या टाकून.

दार बंद का होतं? सुट्टीच्या वेळी मुली एकाच दारातून बाहेर पडाव्यात आणि तिथं त्यांच्या पिशव्या तपासता याव्यात म्हणून. चोरी होते, असं मालकांचं म्हणणं. खटल्यात भागीदार आयझॅक हॅरिसला विचारलं गेलं की चोरीनं नुकसान किती होत होतं. आकडा पंचवीस डॉलरच्या आत निघाला.

आगीनंतर पंधरवड्यानं ढिगारा उपसताना नवव्या मजल्यावरच्या दाराचा लाकडाचा तुकडा आणि त्याला चिकटलेलं कुलूप मिळालं. त्याची जीभ बाहेर आलेली होती, म्हणजे कुलूप लावलेलं होतं. याहून ठोस पुरावा काय असतो? डिसेंबरमध्ये हॅरिस आणि मॅक्स ब्लँक यांच्यावर खटला उभा राहिला. त्यांचा वकील मॅक्स स्टूअर स्वतः लहानपणी शिवणकामाच्या खोल्यांत राबलेला, साक्षीदार कसे बोलतात ते त्याला चांगलं ठाऊक. केट आल्टरमन नावाच्या मुलीनं आपली मैत्रीण बंद दाराशी कशी जळाली ते सांगितलं. स्टूअरनं तिला दरडावलं नाही. त्यानं तिला तीच हकिगत पुन्हा सांगायला लावली, मग आणखी एकदा. दर वेळी काही शब्द तेच आले. ज्युरीला वाटायचं ते वाटलं: हिला कुणीतरी पढवलंय. आपल्याकडच्या पोलीस जबाबांत दहा साक्षीदारांची वाक्यं अक्षरशः सारखी असतात, ती लिहिणाऱ्या हवालदारानं हा प्रसंग एकदा वाचायला हवा.

पण खटला खरा फिरला तो न्यायाधीशांच्या एका सूचनेवर. दार बंद होतं एवढं पुरेसं नाही, ते त्या वेळी बंद असल्याचं या दोन मालकांना माहीत होतं का, ते ठरवा, असं त्यांनी ज्युरीला सांगितलं. दोन तासांच्या आत दोघे निर्दोष सुटले. १९१४ मध्ये दिवाणी दाव्यात मृतामागं ७५ डॉलर देऊन प्रकरण मिटलं. त्याआधी, १९१३ मध्ये, ब्लँक आपल्या दुसऱ्या कारखान्यात कामाच्या वेळी दार कुलूपबंद ठेवल्याबद्दल पुन्हा पकडला गेला होता. दंड झाला २० डॉलर.

न्यूयॉर्क राज्यानं यानंतर जे केलं ते मात्र मोलाचं. रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली कारखाना तपासणी आयोग नेमला. आयोगाची माणसं स्वतः कारखान्यांत शिरली, जिने चढली-उतरली, आणि पुढच्या काही वर्षांत डझनांनी कायदे झाले. दारं बाहेर उघडावीत, कामाच्या वेळी त्यांना कुलूप नसावं, हे त्यांतलंच. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या मूळ कलम ३८ मध्येही हेच होतं: आत माणूस असताना दार आतून सहज उघडेल असंच असलं पाहिजे, आणि सरकतं नसेल तर ते बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे.

कायदा असा शहाणा असूनही आपल्याकडचा खटला कुठं अडखळला ते बघा. साठच्या दशकाच्या सुरुवातीची मुंबई. एका रंगाच्या कारखान्याला परवाना होता तो कोरडे रंग थंड पद्धतीनं बनवण्याचा, आणि टर्पेंटाइन-वार्निश ठरावीक मर्यादेत साठवण्याचा. प्रत्यक्षात तिथं ओले रंगही बनत. चार बर्नर पेटवून पिंपांत राळ किंवा डांबर वितळवायचं, ते जरा निवलं की त्यात टर्पेंटाइन ओतायचं. हे सगळं जिथं चालायचं त्याच खोलीत वार्निश आणि टर्पेंटाइनचा साठा होता. एक दिवस पिंपातून फेस उतू गेला, शेजारच्या साठ्यानं पेट घेतला आणि ७ कामगार मेले.

व्यवस्थापक असलेल्या भागीदाराला निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल, म्हणजे तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली, शिक्षा झाली. उच्च न्यायालयानं अपील सुनावणीलाही घेतलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्ये ती शिक्षा रद्द केली. कुर्बान हुसेन मोहमदअली रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो निकाल, कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. न्यायालयाचं म्हणणं असं: एकाच खोलीत बर्नर आणि टर्पेंटाइन ठेवणं निष्काळजीपणाचं असेल, पण मृत्यूचं थेट, लगतचं कारण ते नव्हे. लगतचं कारण म्हणजे ज्या कामगारानं राळ पुरती निवू न देता घाईनं टर्पेंटाइन ओतलं, त्याची कृती. आगीबाबत हयगय केल्याचं कलम २८५ तेवढं मालकावर टिकलं. त्याची कमाल शिक्षा तेव्हा सहा महिने, एक हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

मराठीत आपण निमित्त आणि कारण यांत फरक करतो. मरणाला काहीतरी निमित्त लागतं, असं म्हातारी माणसं म्हणतात. निमित्ताला दोष देत नाहीत. न्यायालयानंही तोच फरक केला, पण माझ्या मते उलटा लावला. घाई करणारा कामगार हे निमित्त होतं. परवान्याबाहेरची प्रक्रिया, साठ्याशेजारची आग आणि त्या खोलीत काम करणारी माणसं, हे कारण होतं. घाई का करावी लागली, हा प्रश्न तर कोर्टाच्या दारातही आला नाही. निकालाचा सगळा भर आग कशी लागली यावर आहे, आणि तिथं उत्तर म्हणून सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस सापडला.

‘लगतच्या कारणा’च्या या कसोटीला पन्नास वर्षांनी वेगळं वळण मिळालं, तेही कारखान्याच्या नव्हे तर चित्रपटगृहाच्या खटल्यात. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि बाल्कनीतली ५९ माणसं धुरानं गुदमरून गेली. मालकांचा बचाव ठरलेला होता: ट्रान्सफॉर्मर वीज मंडळाचा, दुरुस्ती त्यांची, आग त्यांच्यामुळे. मुंबईच्या रंगकारखान्याचा निकाल त्यांच्या वकिलांनी पुढं केला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीच कसोटी मान्य केली आणि तिचं उत्तर बदललं. आग हे एक कारण खरं, पण माणसं मेली ती बाल्कनीतून झटकन बाहेर पडता आलं नाही म्हणून. जादा खुर्च्या बसवून वाट अरुंद केली होती, एका बाजूचं दार बंद करून तिथं मालकांसाठी खास बॉक्स केला होता. मृत्यूचं थेट कारण ते. दुसरा प्रश्न अशा रीतीनं पहिल्यांदाच इतक्या ठसठशीतपणे निकालात आला.

उरवडेच्या गुन्ह्यात लावलेलं कलम ३०४-अ नव्हतं, ३०४ होतं. दोघांत एका अक्षराचा फरक दिसतो, पण तो आभाळाएवढा आहे. ३०४-अ म्हणजे हयगय, कमाल दोन वर्षं. ३०४ म्हणजे आपल्या करणीनं माणूस मरू शकतो याची जाणीव असताना केलेलं कृत्य. त्याच्या दुसऱ्या भागात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जाणीव सिद्ध करणं हेच अवघड. भोपाळच्या वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ३०४ काढून ३०४-अ वर आणलं, आणि हजारो मृत्यूंना दोन वर्षांची शिक्षा झाली ती ७ जून २०१० रोजी. उरवडेची आग बरोबर अकरा वर्षांनी, त्याच तारखेची. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हयगयीची शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आहे. जाणिवेचा प्रश्न जिथं होता तिथंच आहे.

मग ‘मालक’ म्हणजे कोण? कारखाना कायदा मालक म्हणत नाही, भोगवटादार म्हणतो. कारखान्याच्या कारभारावर ज्याचा अंतिम ताबा तो. हा शब्द ऐकून सातबाराच आठवतो, पण इथं जमिनीशी संबंध नाही. पूर्वी मोठ्या कंपन्या कारखान्याच्या व्यवस्थापकालाच भोगवटादार नेमून मोकळ्या होत. अपघात झाला की संचालक मुंबईत सुखरूप आणि पगारी माणूस कोर्टात. भोपाळनंतर १९८७ मध्ये कायदा बदलला आणि कंपनीचा भोगवटादार संचालकांपैकीच कुणीतरी असेल असं ठरलं. कंपन्या त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की संचालकच, दुसरा कुणी चालणार नाही. माझ्या मते कामगारांच्या जिवाशी निगडित निकालांत याच्याइतका कामाचा निकाल कमी. तो कुणाला माहीत नसतो एवढंच. अर्थात कलम १०१ ची पळवाट आहे: खरा दोषी अमुक माणूस, मी सगळी काळजी घेतली होती, असं भोगवटादारानं सिद्ध केलं तर तो सुटतो. त्या ‘अमुक’ माणसाच्या जागी बहुधा सुपरवायझर असतो किंवा ठेकेदार. आणि कलम १०६ प्रमाणे निरीक्षकाला गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत फिर्याद कोर्टात पोचली नाही, तर या कायद्याखालचा खटलाच उभा राहत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून कारखाना कायद्याच्या जागी नवी श्रमसंहिता आली आहे, पण जुन्या आगींचे खटले जुन्याच कलमांवर चालणार.

कराचीचं उदाहरण इथं सांगितलंच पाहिजे, कारण तिथं पहिल्या प्रश्नाचं उत्तर मालकांच्या बाजूनं पूर्ण मिळालं. ११ सप्टेंबर २०१२ रोजी बलदिया टाऊनमधल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात अडीचशेहून अधिक कामगार मेले. खिडक्यांना गज, बाहेरची बहुतेक दारं बंद. त्याच कारखान्याला सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र काही आठवड्यांपूर्वीच मिळालं होतं. प्रमाणपत्र देणारी कंपनी इटलीची, कपडे घेणारी किक जर्मनीची. पुढं तपासात निघालं की खंडणीसाठी आग लावली गेली. २०२० मध्ये कराचीच्या न्यायालयानं दोघांना फाशी सुनावली.

आता मालक म्हणू शकत होते, आम्हीच बळी. पण मृतांच्या नातेवाइकांनी किकविरुद्ध जर्मनीत दावा लावला होता. त्यासाठी लंडनच्या फॉरेन्सिक आर्किटेक्चर या संशोधकांच्या गटानं इमारतीचा संगणकावर नमुना उभा केला, वाचलेल्या कामगारांच्या आठवणींवरून आग आणि धूर कसा सरकला ते मांडलं, आणि मग दारं उघडी असती, जिने असते, भोंगा वाजला असता तर काय झालं असतं ते मोजलं. आग मुद्दाम लावली असली तरी इतकी माणसं मरण्याची गरज नव्हती, असा निष्कर्ष निघाला. डॉर्टमुंडच्या न्यायालयानं २०१९ मध्ये दावा फेटाळला, मुदत उलटून गेली म्हणून.

हे सगळं झालं कागदावर असलेल्या कारखान्यांचं. ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या तळवडे भागात एका शेडला आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या तिथं बनत, विनापरवाना. पहिल्या दिवशी सहा मृत्यू, मग ससूनमध्ये भाजलेल्या बाया एकेक करत गेल्या आणि आकडा वाढला. जो कारखाना निरीक्षकाच्या नोंदवहीतच नाही त्याचा भोगवटादार कोण, नकाशा कुणी मंजूर केला, हे विचारायचं कुणाला? शेड भाड्यानं देणारा म्हणतो, मी जागा दिली. महापालिका म्हणते, आमच्याकडं अर्ज नाही. वीज कनेक्शन मात्र असतं, त्याचं बिल कुणाच्या तरी नावावर असतं, आणि शहाणा तपास तिथून सुरू होतो.

हजेरीपुस्तकाचंही तसंच. ठेकेदाराच्या बाया असतील तर आत किती होत्या हे कंपनीला सांगता येत नाही, ठेकेदाराचं पुस्तक आगीत जळालेलं असतं, आणि मेलेल्यांचा आकडा शेवटी गावातून येतो: कोण घरी आली नाही. मुळशीत काय, तळवड्यात काय, पहिली खरी यादी दारात उभ्या असलेल्या नवऱ्यांनी आणि पोरांनी केलेली असते.

हे लिहिताना, उन्हाळ्यात, इंदापूर रस्त्याकडच्या एका शेडमध्ये ओळखीच्या माणसाबरोबर गेलो होतो. पाच-पंचवीस बाया पुठ्ठ्याच्या खोक्यांना टेप लावत होत्या. पुढचं शटर अर्धं ओढलेलं, ऊन लागतं म्हणून. मागं एक लोखंडी दार, त्याला मोठं कुलूप, आणि दारापुढं खोक्यांची थप्पी छातीएवढी. मुकादमाला विचारलं, हे उघडत नाही का?

“उघडायचं नस्तं त्ये. माल जातुया मागनं.”

“आणि चावी?”

“चावी सायबाकडं.”

“साहेब कुठं असतात?”

“पुण्याला,” तो म्हणाला, आणि आमच्यासाठी चहा सांगायला शटरखालून वाकून बाहेर गेला.